आई-वडिलांसोबत घरी बसून पाहण्यासारखे, त्यांना झेपतील असे मराठी चित्रपट कोणते?

तुमचे आई-वडील सत्तरीपुढचे आहेत, दिवाळीत सगळी भावंडे एकत्र जमणार आहेत, आणि घरच्या टीव्हीवर सर्वांनी मिळून पाहण्यासाठी तुम्हाला मराठी चित्रपट हवे आहेत. मात्र ते संथ किंवा जड नसावेत, 'त्यांना झेपतील' असे हलकेफुलके असावेत, अशी तुमची अट आहे. नावे मी पुढे देणारच आहे. पण वडीलधाऱ्यांना काय झेपेल हे मुलांनी परस्पर ठरवून टाकायचे, या रिवाजावरून आमच्या घरात बरीच वर्षे वाद चालू आहे, आणि त्या वादातली माझी बाजू मांडल्याशिवाय मला तुमच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

आमच्याकडे हा निर्णय माझे धाकटे दीर घेतात. ते पुण्याला असतात. सणावाराला कराडच्या घरी आले की रिमोट आपसूक त्यांच्याकडे जातो, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चुकवू नका' असा शेरा मारून चित्रपटांची नावेही तेच पाठवत असतात. त्यांचे म्हणणे सरळ आहे: घरी बसून माणूस पाहतो ते विरंगुळ्यासाठी, आणि या वयात अण्णांच्या डोक्याला ताप कशाला? त्यामुळे कित्येक गणपतींत आमच्याकडे 'अशी ही बनवाबनवी' लागत आला. १९८८ सालच्या त्या चित्रपटाशी माझे काही वैर नाही. सुधीर जोशी यांनी रंगवलेले घरमालक मला आजही हसवतात. पण ज्या घरात शाळकरी मुलांनाही संवाद पाठ आहेत, तिथे तो कोणी पाहत नाही, तो नुसता चालू असतो. अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्या वेळी पेपरातले शब्दकोडे सोडवत बसत आणि सगळे हसले की वर न पाहता स्वतःही हसत. भाऊजींच्या लेखी याचा अर्थ असा की अण्णांना तो चित्रपट फार आवडतो.

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या न्यायालयांत नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीबद्दल ते घरात कधीही बोलले नाहीत. कोर्टातले कोर्टात ठेवायचे, हा त्यांचा नियम होता. अशा माणसासमोर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लावावा, हे माझ्या मनात बरेच दिवस होते. हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत लागला. आमच्या गावी मात्र तो फार कोणी पाहिला असेल असे मला वाटत नाही. एका वर्षी गौरी-गणपती बोळवून सगळे दमून बसले होते, बाहेर पाऊस होता, आणि रिमोट योगायोगाने माझ्या हाती होता.

"वहिनी, हा महोत्सवातला सिनेमा आहे. यात कॅमेरासुद्धा हलत नाही. अण्णा दहा मिनिटांत झोपतील," असे भाऊजी म्हणाले. त्यांनी स्वतः तो पाहिलेला नव्हता. ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना तसे सांगितले होते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गटार साफ करणारा एक कामगार मुंबईत गटारात मरून पडलेला सापडतो. त्याने आत्महत्या केली, आणि नारायण कांबळे या वयस्क शाहिराचे गाणे ऐकून केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला अटक करतात. (ही भूमिका करणारे वीरा साथीदार हे मूळचे कार्यकर्ते, २०२१ साली ते गेले.) पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट म्हणजे त्या खटल्याच्या तारखा. कॅमेरा खरोखरच एका जागी उभा असतो. बाकावर मागे बसलेल्या माणसाला कोर्ट जसे दिसते, तसे ते आपल्याला दिसते.

पहिल्याच सुनावणीत अण्णांनी शब्दकोडे घडी करून बाजूला ठेवले. त्या चित्रपटात न्यायाधीश साक्षीदाराचे लांबलचक बोलणे ऐकून घेतात आणि त्याचे एक गुळगुळीत वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की पडद्यावरचे साहेब तोंड उघडण्याआधीच अण्णा ते वाक्य पुटपुटत आहेत, आणि बहुतेक वेळा बरोबर पुटपुटत आहेत. पुढे एक बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत, असा प्रसंग आहे. "काहीही दाखवतात," असे म्हणून भाऊजी हसले. अण्णांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितले, "काहीही नाही. आमच्याकडे एका साक्षीदाराला शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या म्हणून दिवसभर बाहेर उभा केला होता. त्याची एसटी चुकली." घरात कोर्टाची ही पहिली गोष्ट आम्ही ऐकली.

मग मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष आली. नवरा गटारात उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सहन होत नसे, हे ती कोणताही आवेश न आणता सांगते. घरातले सगळे गप्प झाले. अण्णा बऱ्याच वेळाने म्हणाले, "साक्षीला आलेल्या माणसाला भत्ता असतो. तो मागावा लागतो, हे अशा बायकांना कोणी सांगत नाही." त्यांनी स्वतः तो कोणाला मिळवून दिला होता का, हे मी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितलेही नाही.

सासूबाईंना खटल्यापेक्षा सरकारी वकीलबाई जास्त जवळच्या वाटल्या. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेले ते काम मी मराठी पडद्यावरच्या अलीकडच्या सर्वोत्तम कामांत धरते. दिवसभर कोर्टात उभी राहून शाहिराला तुरुंगातच ठेवा असे कलमे वाचून मागणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी येते, मुलाला घेऊन येते आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागते. त्या जागी भाऊजी पुन्हा म्हणाले की यात काहीच घडत नाही. सासूबाई म्हणाल्या, "ती घरी येऊन आख्खा स्वयंपाक करतेय. तुला घडताना दिसत नाही ते आम्हाला रोज दिसतं." जाऊबाईंनी या वाक्यावर ज्या नजरेने भाऊजींकडे पाहिले, तिचे वर्णन मी करणार नाही, कारण हे उत्तर त्यांच्याही वाचनात येऊ शकते.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात, दारे बंद होतात आणि पडदा पूर्ण काळा होतो. भाऊजी तत्परतेने उठले, "संपला एकदाचा," म्हणून त्यांनी ट्यूबलाइट लावली. अण्णा ओरडले. ते ओरडणारे गृहस्थ नाहीत. "दिवा बंद कर आणि बस. कोर्ट मिटलं म्हणजे साहेब मिटत नाही." चित्रपट खरोखरच संपलेला नव्हता, त्यापुढे न्यायाधीश नातेवाइकांबरोबर सहलीला जातात आणि कोर्टाबाहेर ते कोण आहेत हे आपल्याला तिथे कळते. तिथे काय होते ते मी सांगत नाही, पण संपूर्ण खटल्याचा अर्थ त्या सहलीत आहे, आणि ट्यूबलाइट लावणाऱ्यांना तो कधीही कळणार नाही.

त्या रात्री अण्णा उशिरापर्यंत बोलत होते. आडवी-उभी पडलेली बेवारस प्रकरणे, रोजनाम्याचे गठ्ठे, साहेब रजेवर आहेत हे लांबून आलेल्या पक्षकाराला दारात सांगताना होणारी चलबिचल. माझ्या यजमानांनी यातले काहीही आधी ऐकलेले नव्हते. भाऊजींचे म्हणणे असे पडले, आणि आजही आहे, की हा अपवाद होता. अण्णांचा विषय निघाला म्हणून त्यांना आवडला.

माझे तेच तर म्हणणे आहे. प्रत्येक माणसाचा काहीतरी विषय असतो. तुम्ही प्रश्नात आई-वडिलांचे वय लिहिले आहे. त्यांनी आयुष्यभर काय केले हे लिहिलेले नाही. नुसत्या वयावरून चित्रपट सुचवणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल आणणे आहे. संथपणाचा बाऊ तर मला मुळीच पटत नाही. या पिढीने रात्र-रात्र संगीत नाटके पाहिली आहेत, कीर्तनात पूर्वरंग संपून आख्यान सुरू होईपर्यंत मांडी मोडली नाही. चित्रपट संथ आहे अशी तक्रार करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा फोन असतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा चाळिशीचा असतो.

आता नावे. वडिलांनी बदल्यांची नोकरी केली असेल, किंवा आईने एकटीने मूल वाढवले असेल, तर अविनाश अरुण यांचा 'किल्ला' पाहा. नवरा गेल्यानंतर बदलीवर कोकणात आलेली सरकारी नोकरदार बाई आणि तिचा अबोल मुलगा यांची ती गोष्ट आहे, आणि अमृता सुभाष यांनी त्यातली ओढाताण फार कमी शब्दांत दाखवली आहे. पेपरातला अग्रलेख वाचून मगच आंघोळीला जाणारे वडील असतील तर १९७९ चा 'सिंहासन' लावा. तो कृष्णधवल आहे म्हणून मुले नाके मुरडतील, त्यांना मुरडू द्यावीत. निळू फुले यांनी केलेला पत्रकार आणि अरुण सरनाईक यांचे मुख्यमंत्री यांच्या तोडीच्या भूमिका असलेले राजकीय चित्रपट आपल्याकडे मोजकेच आहेत. घरात कोणी कधी नोकरी सोडून भलत्याच उद्योगात उडी घेतली असेल तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा त्यांचाच चित्रपट आहे: दादासाहेब फाळके घरातल्या वस्तू विकून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा करतात, आणि तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंखे यांना साडी कशी नेसवतात, हे परेश मोकाशी यांनी रडारड न करता, मिश्किलपणे दाखवले आहे. नातवंडेही बसणार असतील तर त्यांचाच 'एलिझाबेथ एकादशी' घ्या. पंढरपूरच्या यात्रेत सायकल वाचवण्यासाठी बांगड्या विकायला बसणारी भावंडे कोणालाही आवडतात. तुमची हलक्याफुलक्याची अट या दोन्हींत पुरी होते, तेवढे तुमचे ऐकले. भाऊजींसारखा कोणी हटून बसलाच तर त्याच्यासाठी 'वाळवी' आहे. तो चांगला बेतलेला, वेगवान चित्रपट आहे, फक्त बायकोच्या खुनाचा बेत दिवाळीच्या फराळाबरोबर पाहायचा का, हे तुमचे तुम्ही ठरवा.

'फँड्री' मी मुद्दाम शेवटी घेते. जातिभेदावरचा तो अतिशय मोठा चित्रपट आहे आणि कोणत्याही वयाच्या माणसाने पाहावा, पण बैठकीत 'आता असं कुठे राहिलंय' म्हणणारे एखादे काका असतील तर तो त्यांच्याशिवाय पाहा, नाहीतर चित्रपटाऐवजी काकांचीच चर्चा होते.

काही व्यावहारिक गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. 'कोर्ट'मध्ये मराठीबरोबर हिंदी, गुजराती आणि इंग्रजीही आहे, त्यामुळे काही भागात खालची अक्षरे वाचावी लागतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर शेजारी बसून कोणीतरी हळू आवाजात सांगावे लागेल. ऐकू कमी येत असेल तर टीव्हीचा आवाज वाढवण्यापेक्षा खुर्ची जवळ ओढणे बरे. मध्यंतर आपण करायचे, चहाच्या वेळेला. चित्रपट कुठे मिळेल ते त्या दिवशी शोधा, कारण आज एका ॲपवर असलेला चित्रपट पुढच्या महिन्यात तिथे असेलच असे नाही.

आणि एक अपवाद. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' तुम्हाला कोणीतरी सुचवीलच. विस्मरणात हरवत चाललेले संस्कृतचे विद्वान मोहन आगाशे यांनी केले आहेत, आणि ते एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. चित्रपट उत्तम आहे, पण तुमच्या आई-वडिलांपैकी कोणाला हा त्रास सुरू झालेला असेल, तर तो आधी तुम्ही एकट्याने पाहा आणि मग लावायचा की नाही ते ठरवा. म्हणजे शेवटी मीही भाऊजींच्याच मतावर आले, असे आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहील. तसे नाही. मी पाहून ठरवायला सांगते आहे. भाऊजी न पाहता ठरवतात.