दोन महिन्यांचं बाळ दिवसा झोपतं आणि रात्रभर जागतं, काय करावं?

या वयात दिवस-रात्रीचं चक्र शरीरात बसलेलं नसतं; ते साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत जुळत येतं. तोवर फरक आपणच दाखवायचा. सकाळी पडदे उघडा, दिवसा कुकरच्या शिट्ट्या, गप्पा चालू राहू द्या आणि सलग तीन तास झोपलं तर पाजायला उठवा. रात्री मंद दिवा, बोलणं-खेळवणं नाही. शी केली असेल किंवा दुपटं ओलं झालं असेल तरच बदला.

कुरकुर ऐकली की लगेच उचलू नका. बाळं झोपेतही कण्हतात, हातपाय झाडतात. उचललं की खरंच जागी होतात. मिनिटभर थांबा. तोंड शोधायला लागलं, मूठ चोखायला लागलं की मात्र पाजा, रडण्याची वाट बघू नका. रात्री दोन-तीनदा पिणं ही या वयाची गरज आहे.

जायफळ उगाळून चाटवणं कृपा करून टाळा. मात्रा कळत नाही, जास्त झालं तर विषबाधा होते. मोहरीची उशीही काढाच: टणक, सपाट गादीवर उताणं झोपवा, तोंडाजवळ काही नको.

आईची झोपही तितकीच महत्त्वाची. रात्री 9 ते 1 बाळ बाबांकडे किंवा आजीकडे, आईकडे फक्त पाजण्यापुरतं.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल, दूध ओढत नसेल किंवा दिवसभरात शू सहापेक्षा कमी वेळा होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप असेल तर रात्रीसुद्धा थांबू नका.