धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणातून खून, अशी आमची २० मिनिटांची कॉलेज फिल्म आहे. प्रेत एकदाच, लांबून दिसतं; फवारणीचं औषध पिण्याचा एक सीनही आहे. वयाचा शिक्का कोणता टाकावा?

'यूए १६+' टाका, म्हणजे सोळाच्या आतल्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघावी. प्रेत एकदाच आणि तेही लांबून दिसतं म्हणता, तेवढ्यावर १३+ चाललं असतं. पण फवारणीचं औषध पिण्याचा सीन आहे ना, तिथे गाडी अडते. आत्महत्येची रीत दाखवली की वय वर सरकतं, आणि आपल्या यवतमाळकडे समोर बसलेल्यांत कोणाच्या घरी हे घडून गेलंय, सांगता येत नाही. नुसता रिकामा डबा दाखवा, भीती उलट वाढेल. मग १३+ चा विचार करता येईल. हे टप्पे चित्रपट प्रमाणपत्राच्या २०२४ च्या नियमांतले. मात्र शिक्का हा तुमचा अंदाज. थिएटरात लावायची तर सेन्सॉर बोर्डाचंच प्रमाणपत्र लागतं.