स्पेनमधल्या डोंगरउतारावरच्या जुन्या द्राक्षवेली उपटून नवी लागवड का करत नाहीत?

वेलीला किलोभरही माल येत नसेल तर ती ठेवायची कशाला, असं तुम्ही विचारलंय. आमची नाशिककडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे प्रश्नामागचा हिशेब मला कळतो. उत्पादन घटलं की बाग काढायची, हेच आम्ही पाहत आलो. पण वाइनच्या द्राक्षाचं गणित निराळं असतं, आणि ते आल्वारो पालासिओस या स्पॅनिश वाइनकाराच्या कामातून मला उमगलं.

पालासिओस मूळचे स्पेनच्या रियोहा या वाइनमुलखातल्या आल्फारो गावचे. घरची वाइनरी होती, फ्रान्समधल्या बोर्दोत पेट्रुस या नामांकित वाइनरीत काम केलेलं. तरीही रने बारबिये या वाइनकाराच्या हाकेला ओ देऊन ते ईशान्य स्पेनच्या कातालुन्यातल्या प्रियोरातला गेले. बाराव्या शतकापासून मठवासीयांनी जोपासलेला हा द्राक्षमुलूख एकोणिसाव्या शतकाअखेर फायलोक्सेरा या वेलीची मुळं खाणाऱ्या किडीने उद्ध्वस्त झाला आणि गावं ओस पडत गेली. बारबिये, पालासिओस आणि सोबत्यांनी 1989 साली तिथे पहिली वाइन केली. 1993 मध्ये पालासिओस यांनी ग्रातायोप्स गावाजवळचा गार्नाचा या काळ्या द्राक्षाच्या जुन्या वेलींचा एक उभा उतार घेतला. त्याच उताराची वाइन म्हणजे आजची लेर्मिता, स्पेनमधल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक.

तिथे माती अशी नाहीच. यिकोरेया म्हणतात तो काळपट, पापुद्रे सुटणारा पाटीचा दगड. पाणी टिकत नाही, म्हणून मुळं फटींतून खोल उतरतात. वेलीला मांडव नाही, तारा नाहीत. गुडघाभर पिळवटलेलं खोड आणि त्यावर मोजके घड. ट्रॅक्टर चढत नाही, नांगर खेचराने ओढायचा. पण त्या मोजक्या घडांत जो रस उतरतो, तो भरघोस पिकणाऱ्या कोवळ्या बागेत उतरत नाही. लेर्मिताचा उतार ईशान्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारचं कडक ऊन चुकतं आणि गार्नाचाचा ताजेपणा टिकतो. नुसत्या वयाला मी फार महत्त्व देत नाही. चुकीच्या जागची जुनी वेलही सुमारच पिकते.

1999 मध्ये त्यांनी भाचा रिकार्दो पेरेस यांच्यासोबत वायव्य स्पेनमधल्या बिएर्सोत, कोरुयोन गावाच्या चढांवर हेच केलं. तिथल्या मेन्सिया या द्राक्षाची वाइन तोवर हलकी, स्वस्त वाइन म्हणून खपायची. त्यांनी उताराउताराची वाइन वेगळी भरली, लेबलवर त्या जागेचं नाव घातलं. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम हेच: ग्राहक त्या जागेचे पैसे मोजायला लागला, तेव्हा तिथली मजुरी परवडायला लागली.

आणि नवी लागवड तेही करतात, पण त्याच उतारांवर.