मायामी बीचचं बिल: टिप दोनदा गेली आणि वर ५० डॉलर जास्त कापले

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. डिसेंबरात सासू-सासरे रत्नागिरीहून आले होते म्हणून मुलांना घेऊन मायामी बीचला गेलो. एका संध्याकाळी क्यूबन पद्धतीच्या सीफूडच्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो. खाण्यापिण्याचे ५४० झाले, त्यात स्टोन क्रॅबच्या पाच नांग्यांचेच १६५, मेनूवर नुसतं मार्केट प्राइस लिहिलेलं. टॅक्स धरून आकडा ६९६.६० आला. मी टिपच्या रेघेवर ११० लिहून ८०६.६० वर सही केली. हॉटेलवर आल्यावर दिसलं की बिलात २० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला होता. आणि आता कार्डच्या स्टेटमेंटवर ८५६.६० आलेत! मिस्टर म्हणतात तिथेच भांडून पैसे न देता उठायला हवं होतं. काही करता येईल का?

ताई, आधी घाईचं सांगते, ते ५० डॉलर. तुम्ही ११० लिहिले आणि कार्डावर १६० लागले, ही तुमची सगळ्यात पक्की बाजू आहे आणि मुदतही तिलाच आहे. अमेरिकेत १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आहे, त्यात कबूल केलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम लावणं ही सरळ बिलिंग एरर धरतात. ती रक्कम ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली ते बँकेने पाठवल्यापासून ६० दिवसांत तुमचं लेखी पत्र बँकेला मिळायला हवं, मिळायला हं, नुसतं पोस्टात टाकलं म्हणजे झालं असं नाही. तुमचं स्टेटमेंट ११ जानेवारीचं आहे म्हणता, मग १० मार्चच्या आत पत्र तिकडे पोचलेलं असू दे. फोन करा, अ‍ॅपवरही टाका, पण कायद्याचं संरक्षण हवं तर पत्र हवंच, आणि ते पैसे भरायच्या पत्त्यावर पाठवायचं नाही, स्टेटमेंटच्या मागे बिलिंगच्या चौकशीचा वेगळा पत्ता असतो तिथे, रजिस्टर्ड. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलमध्ये, फार तर ९० दिवसांत, निकाल लावायचा. तोवर ते ५० तुम्ही भरले नाहीत तरी त्यासाठी तुमचं क्रेडिट खराब करता येत नाही.

पुराव्याचं म्हणाल तर तुमच्या सासऱ्यांनी वाचवलंय तुम्हाला. ट्रिपचा हिशोब वहीत उतरवायला ते प्रत्येक बिलाचा फोटो काढायचे असं तुम्ही लिहिलंय, त्यात सही केलेल्या स्लिपचाही आहे. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला, ११० मधला दुसरा '१' हा आकडा अगदी सरळ उभी रेघ आहे आणि खाली बेरीज ८०६.६० स्वच्छ वाचता येते. कुणी मुद्दाम केलं की घाईत चुकीचं टाइप झालं हे तुम्हाला सिद्ध करायची गरज नाही, फोटो पत्राला जोडला की बास.

आता दोनदा गेलेली टिप. इथे जरा जड जाईल. पुण्या-मुंबईत आपल्याला आता सवय झालीय की सर्व्हिस चार्ज नको म्हटलं की काढतात, २०२२ च्या सीसीपीएच्या, म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या, गाइडलाइन्स आहेत आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम केल्या. फ्लोरिडात तसं नाही, तिथे सर्व्हिस चार्ज लावता येतो. फक्त तिथल्या कायद्याचं कलम ५०९.२१४ सांगतं की आपोआप लावलेल्या ग्रॅच्युइटीची, म्हणजे टिपची, सूचना मेनूवर पण हवी आणि बिलाच्या दर्शनी भागावर पण हवी. दोन्हीकडे, एकीकडे असून भागत नाही. तुमच्या बिलावर ती आहे, बारीक अक्षरात 'एसव्हीसी २०%' अशी, आणि सूचना म्हणून एवढं पुरतं का यावर वाद घालता येईल. मेनूचं तुम्हाला आठवत नाही. तर आजच त्यांच्या साइटवरचा मेनू उघडून सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, उद्या तिथे एक ओळ वाढलेली असू शकते. मेनूवर सूचना नसेल तर मॅनेजरकडे ११० परत मागायला तुमच्याकडे भक्कम कारण आहे.

कार्डवाल्या बँकेकडून मात्र या ११० ची फार आशा धरू नका कारण आकडा तुम्हीच लिहिलात, ती बिलिंग एरर होत नाही. आणि दुकानदाराशी असलेलं भांडण बँकेवर टाकायची जी दुसरी सोय कायद्यात आहे तिला साधारण अट अशी की व्यवहार तुमच्याच राज्यातला किंवा घराच्या पत्त्यापासून १०० मैलांच्या आतला हवा. मायामी न्यू जर्सीपासून हजारावर मैल. सुट्टीवर गेलेली माणसं नेमकी इथे अडकतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

सासऱ्यांना अपराधी वाटतंय, वेटर पोरगा प्रेमाने सगळं समजावून सांगत होता म्हणून त्यांनीच जास्त टिप द्यायला लावली, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा की त्यांचं काही चुकलं नाही. फ्लोरिडात वेटरला किमान वेतनापेक्षा तासाला ३.०२ डॉलर कमी देता येतात कारण टिप धरलेली असते, आणि आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज अमेरिकेचं आयकर खातं टिप मानतच नाही, ते रेस्टॉरंटचं उत्पन्न, त्यातलं पोराला किती द्यायचं ते मालक ठरवणार. हाताने लिहिलेले ११० खऱ्या अर्थाने टिप होती. ती परत मागायची की नाही हे घरात बसून ठरवा, मी स्वतः कदाचित अर्धीच मागितली असती.

खेकड्याचं सोडून द्या असं स्पष्ट सांगते. भाव न ठरवता घेतलेल्या वस्तूला वाजवी भाव द्यायचा असा नियम आहे, आणि मायामी बीचवर सीझनमध्ये मोठ्या नांग्यांना असा भाव असतो. तिथे खेकडा मारत नाहीत, नांगी काढून त्याला पाण्यात परत सोडतात, मग ती हळूहळू पुन्हा येते, पावणेतीन इंचाच्याही वरची, २ ७/८ इंचाची नांगी असेल तरच काढता येते आणि सीझन १५ ऑक्टोबर ते १ मे एवढाच. रत्नागिरीच्या बाजारात वाट्याचा भाव विचारल्याशिवाय आपण पिशवी पुढे करत नाही, तसंच मार्केट प्राइस दिसलं की आज कितीला हे विचारायचं, तिथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. टॅक्सही बरोबर आहे बरं का, राज्य आणि काउंटीचे मिळून ७ टक्के आणि मायामी बीचचा रिसॉर्ट टॅक्स २, म्हणजे ५४० वर ४८.६०.

आणि मिस्टरांना सांगा, पैसे न देता उठायचं पुन्हा मनातही आणू नका. फसवायच्या हेतूने जेवून जाणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, हेतू नव्हता हे नंतर पोलिसांना समजावत बसावं लागतं. आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांच्या समोर ते नकोच. पैसे भरायचे, बिलाचा फोटो काढायचा आणि मग भांडायचं.

मॅनेजरला ईमेल लिहा, चार ओळी, तारीख, टेबलची वेळ, दोन आकडे, फोटो, १४ दिवसांत उत्तर द्या म्हणून. उत्तर नाही आलं तर फ्लोरिडाच्या डिव्हिजन ऑफ हॉटेल्स अँड रेस्टॉरंट्सकडे ऑनलाइन तक्रार करा, ते तुमचे पैसे काढून देत नाहीत पण लायसन्स त्यांच्या हातात आहे. स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट, ८,००० डॉलरपर्यंतचे दावे घेतं, तरी ११० साठी मायामीला खेपा घालू नका. बँकेचं पत्र मात्र मॅनेजरच्या उत्तरासाठी थांबवू नका, ते उद्याच पोस्टात जाऊ दे.