वाचकांचे प्रश्न : मोटारीतील हॉर्न स्पीकर

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर आहेत. चालवताना सारे गायन उजव्या दारातूनच आल्यासारखे वाटते. मंडपाची ध्वनियंत्रणा भाड्याने देणारे एक परिचित दोन कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्याच्या मागे बसून ध्वनी निर्माण करणारे घटक) कर्ण्यांसह, म्हणजे हॉर्नसह, देऊ करत आहेत. ते डॅशबोर्डखाली बसवावेत का? आवाज कर्कश होईल, अशी घरच्यांना भीती वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वप्रथम चालकाच्या पायांजवळची जागा मोजावी. आपल्याकडील मोटारींत स्टिअरिंगचा दांडा आणि सर्व पेडल उजव्या कर्ण्याच्याच जागेत येतात. ब्रेककडे पाय नेताना बूट कर्ण्याला लागत असेल, किंवा गुडघ्यासाठीच्या एअरबॅगच्या वाटेत कर्णा येत असेल, तर हा विचार तेथेच सोडून द्यावा. चांगल्या ध्वनीसाठी इतकी किंमत मोजू नये.

जागा मिळत असेल, तर आपल्या अडचणीवर हा उपाय खरोखर चांगला आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो. समजा, उजवा स्पीकर आपल्या कानापासून ८५ आणि डावा १३० सेंटिमीटरवर असेल, तर उजवीकडचा ध्वनी सव्वा मिलिसेकंदाहून अधिक आधी पोहोचतो आणि गायक त्याच दाराशी बसल्याचा भास होतो. कर्णे डॅशबोर्डखाली दोन्ही टोकांना, शक्य तितके पुढे सरकवून बसवले की दोन्ही अंतरे वाढतात व त्यांतील तफावत घटते. हेच काम डीएसपीमधील (ध्वनीवर अंकीय प्रक्रिया करणाऱ्या यंत्रातील) विलंबानेही, म्हणजे जवळच्या स्पीकरचा ध्वनी किंचित उशिरा सोडूनही, होते. परंतु विलंब एकाच आसनासाठी जुळवता येतो, तर अंतरांतील सुधारणेचा लाभ शेजारच्या प्रवाशालाही मिळतो, आणि मला हॉर्नचे हेच सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

परिचितांकडील कर्णे मात्र घेऊ नयेत. मंडपातील कर्णा खोल असतो आणि डॅशबोर्डखाली मावत नाही. मोटारीसाठी आडवा, चपटा कर्णा लागतो. ड्रायव्हर वापरता येतील, पण त्यांच्या घशाचा, म्हणजे ध्वनी बाहेर पडणाऱ्या छिद्राचा, व्यास आणि जोडणी, म्हणजे आटे आहेत की बोल्ट, ही नव्या कर्ण्याशी जुळली पाहिजे. कर्ण्याच्या तोंडाचा आकारही पाहावा. तोंडाचा परीघ साधारण निदान एका तरंगलांबीएवढा असेल, तोपर्यंतच तो ध्वनीला नीट आधार देतो. ८०० हर्ट्झची तरंगलांबी ४३ सेंटिमीटर असते, तर १२०० हर्ट्झची सुमारे २९. म्हणून लहान कर्ण्यासाठी क्रॉसओव्हर (खालचे व वरचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांकडे वाटणारी सीमा) १२०० हर्ट्झच्या आसपास, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह उताराने, म्हणजे वारंवारता निम्मी झाली की पातळी २४ डेसिबलने घटेल असा, ठेवावा. त्याखालचे काम दारातील स्पीकर करतील. ड्रायव्हरकडून याहून खालचे स्वर काढू पाहिल्यास त्याचा नाजूक पडदा फाटू शकतो.

घरच्यांची भीती रास्त आहे. दारातील स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर साधारण ९० डेसिबल देत असेल, तर कर्ण्यासह कॉम्प्रेशन ड्रायव्हर १०७ च्या घरात जातो. या १७ डेसिबलचा अर्थ असा की, ज्या आवाजासाठी दारातील स्पीकरला ५० वॅट लागतात, तो कर्णा १ वॅटमध्ये देतो. दोन्ही समान पातळीवर आणल्याशिवाय गाणे ऐकू नये. त्यानंतरही २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा, जेथे कान सर्वाधिक संवेदनशील असतो, इक्वलायझरवर काही डेसिबल उतरवावा लागण्याची शक्यता आहे. हे काम घाई न करता, ओळखीचे गायन लावून, कानाने करावे.

प्रश्न : हॉर्न बसवल्यापासून गाणे थांबले तरी ‘सूं’ असा आवाज येत राहतो. डीएसपीमध्ये पातळी कमी करूनही तो जात नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा आवाज बहुधा अ‍ॅम्प्लिफायरमध्येच निर्माण होत आहे, आणि डीएसपी त्याच्या आधी असल्याने तेथील बदलाचा उपयोग होत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी करून पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये पातळी घटवणारे रोधकांचे एल-पॅड बसवावे. इंजिनच्या वेगानुसार आवाजाची पट्टी बदलत असेल, तर दोष अर्थिंगमध्ये शोधावा. वायरिंग उघडलेच आहे, तर ८ ओहमच्या ड्रायव्हरला ४० मायक्रोफॅरडचा, ध्रुवता नसलेला कपॅसिटर शृंखलेत जोडून घ्यावा. तो सुमारे ५०० हर्ट्झखालचे स्वर रोखू लागतो. त्यामुळे यंत्रणा सुरू होताना बसणाऱ्या ठोक्यापासून पडद्याचे रक्षण होते.