बायकांवरच्या हिंसेवरच्या सभेला गावातले पुरुष येत नाहीत, त्याबद्दल

तुमची पोस्ट वाचून आमचंच गाव आठवलं. तुमच्याकडे बायकांवरच्या हिंसेबद्दल पुरुषांसाठी म्हणून युवक संघाने कार्यक्रम ठेवला, खुर्च्यांवर बचत गटाच्या बायका आणि पुरुष बाहेर देवळाच्या सोप्यावर. आता २५ नोव्हेंबरला, म्हणजे महिलांवरील हिंसाचाराविरोधी आंतरराष्ट्रीय दिनी, एखाद्या सरकारी कार्यालयाला सोबत घेऊन पुन्हा करावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: कार्यालयाला मंचावर घेऊ नका. मी गोव्यातला, डिचोलीकडचा, वकील नाही की समुपदेशक नाही. पाहिलंय तेवढंच सांगतो.

आमचा कार्यक्रम एका कार्यालयाने ‘संयुक्त विद्यमाने’ म्हणत ताब्यातच घेतला. बॅनर त्यांचा, समई त्यांची, हजेरीपट त्यांचा. हजेरीपटावर सह्या दिसायला हव्यात म्हणून अंगणवाडी ताईंकडून बायकांना निरोप धाडले. इथवरही चाललं असतं. पण भाषणाच्या भरात साहेब म्हणाले, “तुमच्याच वाड्यावरची एक भगिनी, नवरा बार्जवर, ती आमच्याकडे तक्रार घेऊन आली होती.” नाव घेतलं नाही. आमच्या वाड्यावर बार्जवर (मालवाहू बोटीवर) जाणारा माणूस एकच, आणि त्याची बायको तिसऱ्या रांगेत बसलेली. पुढच्या दोन्ही रांगांतल्या माना मागे वळल्या. ती उठूनही जाऊ शकली नाही, कारण उठली असती तर उरलेल्यांनाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवरा संघाच्या दारात. “घरची गजाल भायर कोणें काडली?” (घरची गोष्ट बाहेर कोणी काढली?) तिने तक्रार मागे घेतली. कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, “आम्ही नाव कुठे घेतलं?” आणि वर, कार्यक्रमाचे फोटो लवकर पाठवा, अहवाल अडलाय! त्यानंतर कितीतरी दिवस संघात या विषयाला कुणी हात लावेना. तेव्हा वक्ता कुणीही असो, त्याला आधी लेखी कळवा: या गावचं, शेजारच्या गावचंसुद्धा उदाहरण नको.

पुरुष बसतात तिथे तुम्ही जा. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच हाताशी धरलं होतं, मैदानावर मुलांशी तेच बोलायचे. आपल्याकडे फुटबॉलचा कोच आहे. “चेडवां भशेन रडूं नाका” (मुलींसारखं रडू नका) म्हणणं त्याने सोडलं तरी मला ते आपल्या भाषणापेक्षा जास्त वाटतं. पण आमच्याकडे खरा उपयोग झाला तो जत्रेच्या नाटकाच्या तालमीचा. नवरा बायकोच्या मुस्काटात मारतो असा प्रसंग होता. दिग्दर्शकाने सहज विचारलं, हा इथे मारतो कशाला? एक म्हणाला, मारलं नाही तर पुढचा संवाद पडतो. दुसरा म्हणाला, ती उलट बोलली ना. तिसरा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, “आमचो बापूय मारतालो, ताका कारण लागूंकच ना.” त्या रात्री तालीम तिथेच थांबली. माइक नव्हता, बायका नव्हत्या, म्हणून तो बोलला असं मला वाटतं.

दोन गोष्टी तुमच्याकडेही निघतीलच. ‘दारूमुळे होतं’ हे मला पटत नाही. तोच माणूस पिऊन पोलिसाच्या अंगावर जात नाही, घरीच हात उचलतो. आणि ‘खोट्या केसी’ काढणारा एक असतोच. त्याच्याशी वाद घालत बसलात तर रात्र त्याचीच. खोट्या तक्रारींवर वेगळं बसू म्हणा आणि पुढे चला.

पुरुषांना सांगण्याजोगी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘नसती ब्याद कशाला’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तरी इथे कान देतात (निम्मे हा माझा अंदाज). २००८ साली ‘बेल बजाओ’ मोहिमेत दाखवायचे तसं शेजारच्या घरातल्या मारहाणीचा आवाज ऐकून दार वाजवणंही जमतं. आपल्याकडे अंगणातून हाक मारायची, शिडी मागायचं निमित्त करायचं. कोयता मागू नका, हे गमतीत सांगत नाही. आणि मारहाण जोरात असेल तर शिडीबिडी सोडा, ११२ लावा.

जाता जाता: आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, घर विकायला बायकोची सही लागते. हे ऐकताना सोप्यावरचेही आत सरकतात. बारकावे मात्र वकिलाला विचारा.

२५ नोव्हेंबरची तारीख धरून बसू नका. आधी तुमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, हे शोधा आणि तो फोन उचलतो का ते स्वतः लावून बघा. पुरुष बोलू लागले की त्यांच्या घरच्या बायका तुम्हाला विचारायला येतात, तेव्हा त्यांना कुठे पाठवायचं हे ठरलेलं हवं. मग तालमीत अर्धा तास मागा, जेवणानंतरचा.