इंजिनच्या क्रँक पुलीचा (मुख्य फिरत्या दांड्यावरच्या चाकाचा) बोल्ट हलतच नाही, पाईप लावूनही पाना घसरतो. काय करू?

सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि चांगल्या दाबाची हवेची गन (इम्पॅक्ट रेंच) लावा, बहुतेक बोल्ट काही सेकंदांत सुटतो. जालन्यात माझं गॅरेज आहे, इथे हाच पहिला उपाय. पाईप लावून हळूहळू जोर दिला की क्रँकच फिरतो किंवा बोल्टचे कोपरे झिजतात. गन सलग ठोके देते, म्हणून आट्यांची पकड तुटते. गन नसेल तर बायपासवरच्या ट्रकच्या टायरवाल्याकडे गाडी टो करून न्या. पाईपनेच काढायचा असेल तर पुली धरायचं होल्डर वापरा, किंवा गाडी पाचव्या गिअरला टाकून दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. टायमिंग बेल्टच्या जोरावर क्रँक अडवू नका, आणि पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती तर अजिबात नको, त्यात हात मोडतो. गरम करायची वेळ आलीच तर जपून, मागे रबरी ऑइल सील असतं.

एक मात्र आधी बघा: काही डिझेल इंजिनांत या बोल्टला उलटे आटे असतात, आणि काहींत क्रँकच्या गिअरला चावी (गिअर जागेवर धरणारी छोटी पट्टी) नसते, बोल्ट सैल झाला की टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्हचा मेळ) सरकतं. त्यामुळे तुमच्या इंजिनचं मॅन्युअल बघूनच हात घाला. बसवताना गन नको, ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पानाच.